भाच्याने दोन बादल्या नळाचं पाणी ओतलं: बिघडलेला मरीन टँक सावरताना आधी काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीच्या घरी २४० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक. गणपतीला सगळे गावी, मासे भाच्याच्या भरवशावर. त्याने खाणं सढळ हाताने टाकलं. तिसऱ्या दिवशी सहा-सात तास लाइट गेली, सम्प (टँकखालची फिल्टरची टाकी) भरून वाहिला, हॉलमध्ये पाणी झालं. ते पुसून, कमी झालेलं पाणी भरून काढायला त्याने नळाच्या दोन मोठ्या बादल्या ओतल्या. आता पाणी दुधासारखं, वास येतोय, क्लाऊनफिशची जोडी वर येऊन तोंड मारतेय, क्लीनर श्रिंप (कोळंबी) मेली, ब्लेनी (छोटा मासा) दिसत नाही, हॅमर कोरल (प्रवाळ) मिटून बसलंय. अमोनिया २ पीपीएम, पीएच ७.८, घनता १.०२१. दुकानदार म्हणतो सगळं पाणी काढा, वाळू-दगड धुवा आणि नव्याने सुरू करा. आणि तुम्ही विचारताय, गावाहून अजून माणसं यायची आहेत तर समुद्राचं पाणी ड्रम भरून मागवू का.

आधी दोन नकार. टँक धुवायचा नाही. समुद्राचं पाणीही मागवायचं नाही. कारणं पुढे सांगतो. ठाणे-मुंबईत लोकांचे मरीन टँक सांभाळणं हाच माझा धंदा आहे, आणि माझ्या पाहण्यात अशा प्रसंगात अपघाताने जितके मासे जातात, त्याहून जास्त नंतरच्या घाईने जातात. एका संध्याकाळी माणूस पाणी बदलतो, घनता सुधारतो, पीएच वाढवतो, बाटलीतले जिवाणू ओततो, फिल्टर धुतो. सकाळी उरलेलेही आडवे. म्हणून क्रम पाळा: आधी हवा, मग मेलेलं शोधून काढणं, मग अमोनिया. घनता आठवडाभरात. बाकीच्या आकड्यांकडे सध्या बघायचंही नाही.

हवा आत्ता, हे वाचताना. गोडं पाणी २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू धरतं. समुद्राचं पाणी पावणेसातच्या आसपास. मुळात शिल्लक कमी. त्यात हे जे दूध दिसतंय ते जिवाणूंचं पीक आहे. कुजणाऱ्या खाण्यावर ते वाढतं आणि माशांच्या वाटणीचा प्राणवायू ओढतं. वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह करणारा पंप) वरच्या दिशेने वळवा, पृष्ठभाग नुसता हलून उपयोग नाही, फुटला पाहिजे. झाकण काढा, खिडकी उघडा, पंखा पाण्यावर सोडा. हवेचा साधा पंप आणि बुडबुड्यांचा दगड (एअर स्टोन) घरात असेल तर तोही लावा, मरीन टँकमध्ये बुडबुडे चालत नाहीत वगैरे आज विसरा. स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) चालू ठेवा. तो वेड्यासारखा फेस काढेल आणि कप भरून वाहील. बंद करू नका, कपाला नळी लावून बादलीत सोडा. तुमच्याकडे सम्पमध्ये शेवाळाचा कप्पा असेल तर त्याचा दिवा रात्रभर ठेवा. अशा टँकमधले मासे बहुधा पहाटे मरतात, कारण तेव्हा प्राणवायू सगळ्यात खाली असतो.

एक गोष्ट भाच्याला विचारून घ्या: लाइट गेली तेव्हा कॅनिस्टर फिल्टर (बंद डब्यातला) लावलेला होता का आणि तो परत आपोआप सुरू झाला का? बंद डब्यात अडकलेल्या पाण्यातला प्राणवायू काही तासांत संपतो, आतले जिवाणू मरायला लागतात, आणि लाइट आली की तो सगळा घाण अर्क टँकमध्ये येतो. कॅनिस्टर असेल तर तो आधी वेगळा करा, आतलं पाणी फेका, आतले स्पंज आणि रिंगा टँकमधून काढलेल्या पाण्यात हलवून परत लावा. नळाखाली नाही. (पोराला रागवू नका. पाणी कमी झालं म्हणून पाणी भरलं, यात त्याचं काही चुकलं नाही. मीठ उडून जात नाही आणि सांडलेल्या पाण्याबरोबर मात्र जातं, हे त्याला कोणी सांगितलं होतं?)

आता ब्लेनी. ती मेलेली आहे असं धरून चाला. एक बोटभर मासा दगडामागे कुजत असेल तर तुम्ही कितीही पाणी बदला, संध्याकाळी अमोनिया जिथल्या तिथे. शोधायची युक्ती अशी: दिवे घालवून अर्ध्या तासाने टॉर्च मारा. ब्रिसलवर्म, म्हणजे ते केसाळ गुलाबी किडे, आणि वाळूतल्या नॅसेरियस गोगलगायी जिथे गोळा झाल्या असतील तिथेच मेलेलं आहे. दहा-वीस किडे एका भोकात तोंड घालून बसलेले दिसले की समजा सापडलं. हातमोजे घाला, त्या किड्यांचे केस कातडीत घुसले तर दोन दिवस चुरचुरतं. चिमट्याने निघत नसेल तर तो एकच दगड उचला, रचना पाडू नका. पाणी वाहायच्या जागाही बघा: ओव्हरफ्लोचा डबा, सम्पमधला फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी). मेलेले मासे तिथे जाऊन अडकतात. सॉक बदलून टाका, त्यात भाच्याने टाकलेलं निम्मं खाणं निघेल. वाळूवर खाण्याचा थर दिसत असेल तर पाणी काढताना नळीचं तोंड त्या थरावरून फिरवा, पण वाळूत खुपसू नका. खोल वाळूत प्राणवायू नसलेला भाग असतो, तो ढवळला की सडक्या अंड्याचा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वर येतो आणि तो अमोनियापेक्षा लवकर मारतो.

मग पाणी. इथे थोडा हिशेब करावा लागतो.

अमोनियाची चाचणी जो आकडा दाखवते तो एकूण असतो. त्यातला अमोनियम जवळपास निरुपद्रवी. मोकळा अमोनिया विषारी. दोघांचं प्रमाण पीएचवर ठरतं. २५-२६ अंशांना ७.८ पीएचवर साधारण ३ टक्के विषारी रूपात असतो, ८.१ वर तो ६ टक्क्यांच्या आसपास जातो, ८.३ वर ९ च्या घरात. म्हणजे तुमचा घसरलेला पीएच या घटकेला माशांना वाचवतोय. पीएच कमी दिसला म्हणून कोणी बफर ओतला तर तो त्याच पाण्यातलं विष दुप्पट करतो. दुकानातून पीएच वाढवायची बाटली आणली असेल तर ती कपाटात ठेवा.

याच हिशेबाचा दुसरा भाग असा. निम्मं पाणी बदललं की अमोनिया २ वरून १ वर येईल. पण नवं पाणी आणि चांगली हवा मिळून पीएच ८.१ पर्यंत चढेल. एकूण निम्मा झाला, विषारी वाटा दुप्पट झाला, माशाच्या कल्ल्यांना काहीच फरक पडला नाही. पहिल्या बदलानंतर मासे सुधारलेले दिसत नाहीत ते यामुळे, आणि इथेच बहुतेक जण हात टेकतात किंवा काहीतरी औषध ओततात. तसं करू नका. चार-पाच तासांनी पुन्हा निम्मं बदला. आता ०.५. इथून खरा फरक दिसायला लागतो. रोज दहा-दहा टक्के बदलायचा जो सल्ला सगळीकडे मिळतो तो नेहमीच्या देखभालीसाठी ठीक आहे; अमोनिया २ असताना दहा टक्के बदलणं म्हणजे १.८ करणं.

दोन्ही बदलांचं पाणी किती घनतेचं? हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. टँकमध्ये आज आहे तितक्याच घनतेचं, म्हणजे १.०२१, फार तर १.०२२. आदर्श १.०२५ नाही. घनता उतरली तर मासे बऱ्यापैकी सोसतात, पण झपकन चढली की शरीरातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि आधीच कल्ले पोळलेल्या माशाला ते झेपत नाही. श्रिंप, गोगलगायी, कोरल यांना तर दोन्हीकडचा झटका वाईट. तापमानही जुळलेलं हवं. हात बुडवून अंदाज नको, थर्मामीटर.

१२० लिटरला या घनतेसाठी साडेतीन ते पावणेचार किलो सॉल्ट मिक्स लागेल. मीठ किती ओलं आहे यावर थोडं इकडेतिकडे, म्हणून शेवटचा शब्द रिफ्रॅक्टोमीटरचा (खारटपणा मोजायचं यंत्र). तो शून्यावर जुळवण्यापेक्षा ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) तयार द्रावणावर जुळवा. पिंपात आधी पाणी, मग मीठ, उलट नाही. नाहीतर तळाशी कॅल्शियमचा पांढरा थर बसतो. जास्तीचा पंप आत सोडून ढवळत ठेवा. एरवी मी रात्रभर ठेवतो, पण आज पाणी पूर्ण नितळ झालं, घनता स्थिर आली, तापमान जुळलं की वापरा. दोन-तीन तासांत होतं.

एवढं पाणी आणायचं कुठून हा मुंबई-डोंबिवलीकरांचा खरा प्रश्न. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी शुद्ध असेलच असं नाही. घरगुती यंत्रांत बहुतेकदा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा खनिजांची नळकांडी असते आणि ती गाळलेल्या पाण्यात मुद्दाम काहीतरी मिसळते. टीडीएस मीटर लावून बघा: मरीनला ० ते ५ हवा, या यंत्रांतून ५०-६० सुद्धा येतो. नेहमीसाठी डीआय रेझिन (उरलेले क्षार काढणारे दाणे) लावलेलं आरओ घ्या. आज मात्र २० लिटरचे पाण्याचे जार मागवा, मीटरने मोजा, चाळीस-साठ आला तरी वापरा. अमोनिया आज मारतो. टीडीएस फार तर पुढच्या महिन्यात शेवाळ देईल. जारही नसतील तर नळाचं पाणी, पण क्लोरीन मारणारं औषध घालून, आणि पिंपात हवा सोडून. भाच्याने ओतलेल्या बादल्यांमधल्या क्लोरीनची काळजी आता सोडा. ते एवढ्या घाणीत केव्हाच खर्ची पडलं असेल.

सीकेम प्राइमसारखी औषधं अमोनिया बांधतात असा त्यांचा दावा. त्याबद्दल आमच्यात दोन तट आहेत. मी ते क्लोरीनसाठी हमखास वापरतो. अमोनियासाठी पहिल्या रात्रीपुरतं, लेबलवरच्या मात्रेत, आणि पाणी बदलण्याऐवजी कधीच नाही. घातल्यावर स्किमर उसळतो, आणि चाचणीत एकूण अमोनिया दिसत राहतो, तेव्हा आकडा बघून पुन्हा पुन्हा ओतू नका. झिओलाइट आणलं असेल तर परत करा: खाऱ्या पाण्यात सोडियम इतका असतो की ते अमोनियम जवळपास धरतच नाही. चांगला कोळसा (टँकसाठीचा ॲक्टिव्हेटेड कार्बन) मात्र जरूर लावा, धुऊन, पाणी त्याच्यातून वाहील असा. अमोनियावर तो काही करत नाही, पण कुजण्यातून सुटलेली सेंद्रिय घाण आणि मिटलेल्या कोरलने सोडलेली विषं ओढतो. चार दिवसांनी बदला.

पाणी काढताना हीटर आणि पंप बंद करा. तापलेली काच हवेत उघडी पडली आणि वर थंड पाणी आलं की तडकते. ही दुसरी दुर्घटना मी एवढ्या घरांत पाहिलीय की न सांगता राहवत नाही.

आता त्या दोन नकारांची कारणं. दगड आणि वाळू हाच तुमचा खरा फिल्टर आहे. नायट्रिफाय करणारे, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू पृष्ठभागांना चिकटून राहतात, पाण्यात तरंगत नाहीत. म्हणून पाणी निम्मं काय, ऐंशी टक्के बदललं तरी ते जात नाहीत, पण नळाखाली दगड घासले की जातात. शिवाय ते वाढतात हळू. कुजण्यावर जगणारे जिवाणू तासाभराच्या आत दुप्पट होतात, यांना अर्धा दिवस ते दिवस लागतो. आज दूध दिसतंय आणि अमोनियाही चढलाय, तो या वेगातल्या फरकामुळे. तुमच्या दगडावरचे बहुतेक जिवाणू जिवंत आहेत, त्यांच्यावर कामाचा बोजा पडलाय एवढंच. धुतलं की पुन्हा महिना-दीड महिना सायकल, म्हणजे हे जिवाणू नव्याने वाढायची वाट.

समुद्राचं पाणी नको ते ऋतूमुळे. भाद्रपदात कोकणातल्या प्रत्येक खाडीतून डोंगराचं पाणी समुद्रात येत असतं. किनाऱ्याजवळ घनता उतरलेली, गाळ भरपूर, आणि पाऊस ओसरताना प्लवक फोफावलेलं असतं. ते ड्रममध्ये बंद करून आठ-दहा तास गाडीतून आणलं की आतलं सगळं मेलेलं येतं, म्हणजे पुन्हा अमोनिया. मालवणच्या बाजूला खुल्या समुद्रातलं हिवाळ्यातलं पाणी वापरणारे लोक आहेत, त्यांचं चालतंही, पण ते गाळून, अंधारात काही आठवडे ठेवून. आणि येताना किनाऱ्यावरून "लाइव्ह रॉक" म्हणून प्रवाळाचा तुकडाही कोणी उचलू नये. आपल्याकडची प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत, मेलेला तुकडा म्हणूनही सुटका नाही.

उद्या सकाळी अमोनिया मोजा. एपीआयची चाचणी वापरत असाल तर ती दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली शून्यही हिरवट दिसतो. शेजारी ताज्या बनवलेल्या खाऱ्या पाण्याचीही एक नळी करा आणि दोन रंग एकमेकांशी ताडून पाहा. ०.५ च्या वर असेल तर आणखी तीस-चाळीस टक्के बदला. खाली असेल तर थांबा, संध्याकाळी पुन्हा मोजा. या दिवसांत खाणं बंद. धडधाकट क्लाऊनफिश आठवडाभर उपाशी राहते, त्यामुळे तीन दिवसांनी तिचं काही बिघडत नाही. अमोनिया पचताना मधल्या टप्प्यात तयार होणारा नायट्राइट दिसेल, त्याने घाबरू नका. समुद्राच्या पाण्यातला क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, गोड्या पाण्यातल्या टँकसारखा तो इथे मारत नाही. नायट्राइट असेपर्यंत नायट्रेटची चाचणी करूच नका, खोटा मोठा आकडा दाखवते.

पीएच तरीही ७.९ च्या आसपास अडकला तर एक कप पाणी घ्या, खिडकीशी तासभर हवा सोडा, परत मोजा. चढला तर दोष कार्बन डायऑक्साइडचा, म्हणजे घरातली हवा कोंडलेली आहे किंवा दूध अजून गेलं नाही. नाही चढला तरच अल्कलिनिटी (पीएच सावरून धरायची पाण्याची ताकद, डीकेएचमध्ये मोजतात) बघा. २ पीपीएम अमोनिया पचवताना जिवाणू साधारण पाऊण डीकेएच अल्कलिनिटी खातात, म्हणजे ती थोडी उतरलेली असेल. पण बदललेल्या पाण्याने तेवढी भरून निघते. नाही निघाली तर दिवसाला एक डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नका, हॅमरच्या टोकांवर त्याचा परिणाम लगेच दिसतो.

घनता वर आणायची सोपी पद्धत: रोज जे चार-पाच लिटर उडतं ते आठवडाभर साध्या पाण्याऐवजी १.०२५-१.०२६ च्या खाऱ्या पाण्याने भरा. तुमच्या टँकमध्ये याने रोज अर्धा अंकभर, म्हणजे सुमारे ०.०००५ ने घनता चढेल आणि साधारण आठवड्याभरात १.०२५ च्या जवळ येईल. ऑटो टॉप-अपच्या (उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या) टाकीतच ते पाणी भरून ठेवा. घनता जागेवर आली की मात्र न विसरता परत साधं पाणी.

बाटलीतले जिवाणू घालायचे तर आपल्याकडच्या उन्हात कुरियरच्या टेंपोत पडलेल्या बाटलीवर माझा फार विश्वास नाही. ओळखीच्या कोणाचा निरोगी, वर्ष-दोन वर्षं चाललेला टँक असेल तर त्याच्या सम्पमधला एक स्पंज मागून आणणं बरं. त्यांच्याकडे अलीकडे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झालेला नाही ना, हे आधी विचारा. साखर, व्होडका वगैरे कार्बन देणं पूर्ण बंद. ते या दुधालाच खाऊ घालणं आहे.

हॅमरला हात लावू नका, जागा बदलू नका, दिव्यांचा जोर निम्मा करा. पण रोज जवळून बघा. मिटलेलं कोरल आठवडाभरानेही उघडतं. सांगाड्यावर तपकिरी, शेंबडासारखी जेली दिसली तर तो भाग सडतोय आणि शेजारच्या डोक्याकडे (कोरलच्या शेजारच्या फांदीच्या टोकाकडे) सरकणार. नळीने ती जेली ओढून बाहेर काढा, पंप आधी बंद करून, म्हणजे ती टँकभर पसरणार नाही. मग कोरल बाहेर काढून आयोडीनच्या पाण्यात बुडवा, मेलेलं डोकं छाटा.

दूध तीन ते पाच दिवसांत जाईल. यूव्ही (जिवाणू मारणारा अतिनील दिवा) असेल तर लवकर. मग तपकिरी धूळ बसेल, नंतर कदाचित लालसर चादरीसारखं सायनो (सायनोबॅक्टेरिया) येईल. भाच्याच्या खाण्यातला फॉस्फेट दगडांनी शोषून घेतलाय, ते तो पुढचे काही महिने थोडा थोडा सोडत राहतील. त्याच्यावर एकदम भरपूर जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) लावून फॉस्फेट शून्यावर आणू नका. शून्यावर आणलेल्या टँकमध्ये डायनो (डायनोफ्लॅजेलेट, चिकट तपकिरी सूक्ष्मजीव) येतात आणि ते सायनोपेक्षा चिवट. माशांवर पांढरे ठिपके आले तर तांब्याचं औषध या टँकमध्ये नाही, वेगळ्या टाकीत. दगड तांबं धरून ठेवतात आणि पुढे तुमची गोगलगाय, श्रिंप तिथे टिकत नाही.

नवी ब्लेनी, नवी श्रिंप: अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग दोन-तीन आठवडे शून्य असल्याशिवाय आणू नका.

पुढच्या गणपतीपर्यंत तीन कामं करून घ्या. वेव्हमेकर घरातल्या इन्व्हर्टरवर टाका. सगळं नाही चाललं तरी तो एकटा चालला तरी मासे रात्र काढतात. परतीच्या नळीचं तोंड पृष्ठभागाच्या लगेच खाली आणा आणि लाइट घालवून, म्हणजे मेन स्विच पाडून, सम्प किती भरतो ते एकदा स्वतः बघा. कड सोडून चार बोटं जागा उरली पाहिजे, नसेल तर सम्पमधली नेहमीची पातळी कमी ठेवा. आणि खाण्याचा डबा कुलपात ठेवून एक दिवसाआड एक अशा वेगळ्या पुड्या बांधून द्या, तारीख घालून.